सांगितलं ‘चार इंच कापा’, उरले चार इंच! सलूनमध्ये तुमचं ऐकलं नाही तर काय करायचं?

एप्रिल २०१८. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या सलूनमध्ये एक तरुणी केस कापायला गेली. आठवड्याभरानं तिची एक महत्त्वाची मुलाखत होती. तिची मागणी साधी होती. समोरून आणि मागून चेहऱ्यालगत लांब लेयर्स ठेवायचे आणि खालून सरळ चार इंच केस कमी करायचे. नेहमीची हेअरड्रेसर त्या दिवशी नव्हती, म्हणून दुसरीनं काम हाती घेतलं.

या तरुणीला जास्त नंबरचा चष्मा होता. केस कापताना तो काढावा लागला. वर, मान खाली घालून बसायला सांगितलेलं. समोर आरसा असूनही तिला नीट काही दिसत नव्हतं. साध्या कटला तासाभराच्या वर वेळ लागला, तेव्हा तिनं विचारलं. उत्तर मिळालं, ‘लंडन हेअरकट’ देतेय. मान वर केली तेव्हा, तिच्या तक्रारीनुसार, खालून चार इंच जाण्याऐवजी वरून चार इंचच उरले होते. केस जेमतेम खांद्याला टेकत होते.

हे प्रकरण पुढे राष्ट्रीय ग्राहक आयोगात गेलं, दोन कोटींच्या भरपाईचा आदेश झाला, मग ते सर्वोच्च न्यायालयातही पोहोचलं. तिथे काय झालं ते पुढे पाहूच. पण कोर्टकचेरी सोडली, तर ही गोष्ट कुणाला अनोळखी वाटणार नाही. ‘फक्त ट्रिम करा’ म्हटलं आणि निम्मी वेणी जमिनीवर. ‘साइडनं जरा बारीक’ म्हटलं आणि मशीन थेट कानशिलाच्या वर. ‘ब्राऊन हवाय’ म्हटलं आणि घरी आल्यावर उन्हात केस लाल दिसायला लागले.

असं का होतं, होऊ नये म्हणून काय करता येतं आणि झालंच तर तुमच्या हातात काय काय असतं?

मुळात तुमचं म्हणणं ऐकलं का जात नाही?

दर वेळी हेअरड्रेसर हटवादी असतो, असं नाही. अनेकदा गडबड शब्दांपासूनच सुरू होते.

‘थोडे कापा’ म्हणजे किती? लांब केस जपणाऱ्या बाईच्या मनात ‘थोडे’ म्हणजे एक बोट. रोज वीस-पंचवीस डोकी हाताळणाऱ्याच्या मनात ‘थोडे’ म्हणजे तीन इंच, कारण त्याहून कमी कापलं तर आकार बदललेला दिसतच नाही. ‘मीडियम’ हा शब्दही तसाच. प्रत्येक सलूनचं मीडियम वेगळं. ‘लेयर्स’, ‘स्टेप कट’, ‘फेदर’ हे शब्द तर दोन पार्लरमध्येही एकाच अर्थानं वापरले जातील याची खात्री नाही.

त्यात भाषेची भर. पुण्या-मुंबईत किंवा नाशकात ग्राहक मराठीत विचार करतो, सांगताना हिंदीत सांगतो आणि कटची नावं मात्र इंग्रजी असतात. या तीन भाषांच्या प्रवासात ‘कापा’ आणि ‘ठेवा’ यांची अदलाबदल व्हायला फार वेळ लागत नाही. दिल्लीच्या प्रकरणातही चार इंच हा आकडा तोच होता. फरक पडला तो चार इंच ‘घालवायचे’ की ‘ठेवायचे’ एवढ्यात.

दुसरं कारण हाताच्या सवयीचं. बहुतेक कारागिरांचे दोन-चार कट अगदी पक्के बसलेले असतात. हात सुटला की तो त्याच वळणावर जातो. रविवारी सकाळी बाकड्यावर सहा जण वाट बघत असतील तर ही शक्यता आणखी वाढते. अनेक गावांत सोमवारी सलून बंद असतं, त्यामुळे रविवारची गर्दी वेगळीच असते.

तिसरं कारण, ‘मला जास्त कळतं’ हा भाव. कधी तो खराही असतो. तुमच्या केसांचा पोत, भोवरा, कपाळाची ठेवण बघून कारागिराला दिसत असतं की मागितलेला कट बसणार नाही. पण तसं वाटलं तर त्यानं आधी सांगायला हवं. न सांगता स्वतःच्या मनाचं करणं, ही सल्ला देण्यातली हुशारी नव्हे.

चौथं कारण पैशाचं. अनेक मोठ्या सलूनमध्ये कर्मचाऱ्यांना विक्रीचं टार्गेट असतं. ‘केस खूपच खराब झालेत, स्पा करून घ्या’, ‘नुसत्या कटनं काही होणार नाही, केराटिन करा’ अशी सुरुवात तिथून होते. तुम्ही नुसतं ‘हं’ केलंत, तरी ते बिलावर चढू शकतं.

आणि केसांचं स्वतःचंही एक शास्त्र असतं

हेअरड्रेसरनं सांगितलं तेवढंच कापलं, तरी केस जास्त कापल्यासारखे दिसू शकतात. ओला केस ताणला जातो आणि कोरड्यापेक्षा लांब भासतो. वाळल्यावर तो आखडतो. सरळ केसांत हा फरक थोडा असतो, कुरळ्या केसांत मात्र चांगलाच जाणवतो. ओले असताना खांद्याच्या खाली असलेले कुरळे केस वाळल्यावर हनुवटीपर्यंत येऊ शकतात. म्हणून कुरळ्या केसांच्या व्यक्तीनं लांबी कोरड्या केसांवर दाखवावी आणि पहिल्या वेळी हवे त्यापेक्षा थोडे कमीच कापायला सांगावं.

रंगाचं गणित याहून किचकट असतं. गडद केसांवर नुसता फिका रंग लावून केस फिके होत नाहीत. त्यासाठी आधी ब्लीच करून मूळ रंग उतरवावा लागतो. काळ्याभोर केसांवर फोटोतला राखाडी-सोनेरी रंग एका बैठकीत येत नाही तो त्यामुळेच. केसांवर आधी मेंदी, काळी मेंदी किंवा घरचा डाय लावलेला असेल तर निकाल आणखी बेभरवशाचा होतो. काही तयार मेंद्यांमध्ये धातूचे क्षार असतात आणि ब्लीचशी त्यांची रासायनिक क्रिया होऊन केस तुटू शकतात. ही माहिती ग्राहकानं लपवली, तर बिघडलेल्या रंगाचा सगळा दोष सलूनवर टाकता येत नाही. सलूननं विचारलीच नाही, तर ती मात्र सलूनची चूक.

आणि शेवटचा मुद्दा भरपाईचा. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर, म्हणजे ढोबळमानानं अर्धा इंच वाढतात. चार इंच जास्त गेले तर ते परत यायला आठेक महिने लागतात. कुठलंही तेल, गोळी किंवा शांपू हा वेग दुप्पट करत नाही. त्यामुळे खरा उपाय कात्री लागण्याआधीच करायचा असतो.

खुर्चीत बसण्याआधी काय सांगायचं?

पहिला नियम, ‘किती कापायचे’ याबरोबर ‘किती ठेवायचे’ हेही सांगा. ‘तीन इंच कापा’ एवढ्यावर थांबू नका. बोट अंगावर टेकवून दाखवा, “केस इथपर्यंत राहिले पाहिजेत.” खांदा, गळपट्टीचं हाड, कोपर या जागा सगळ्यांना सारख्याच कळतात. ‘थोडे’, ‘मीडियम’, ‘जरासे’ हे शब्द टाळलेले बरे.

दुसरं, फोटो दाखवा, पण शहाणपणानं. एकच फोटो, तोही समोरून काढलेला, फारसा उपयोगाचा नसतो. समोरून, बाजूनं आणि मागून असे तीन फोटो ठेवा. फोटोतल्या व्यक्तीचे केस तुमच्यासारखेच असावेत. पातळ, सरळ केस असताना दाट, लाटांसारख्या केसांचा फोटो दाखवला तर तसा कट होऊ शकतो, तसं रूप येणार नाही. इन्स्टाग्रामवरचे बरेच फोटो ब्लो-ड्राय, फिल्टर आणि कधी कधी जोडलेले केस वापरून काढलेले असतात. तुमचाच जुना, आवडलेल्या कटचा फोटो असेल तर त्याहून चांगला पुरावा नाही. जमलं तर नको असलेल्या कटचाही एक फोटो ठेवा. ‘असं नकोय’ हे बरेचदा ‘असं हवंय’पेक्षा लवकर कळतं.

तिसरं, मशीन लावायचं असेल तर नंबर सांगा. क्लिपरच्या कंगव्यांना नंबर असतात. साधारणपणे १ नंबर म्हणजे ३ मिलिमीटर, २ नंबर म्हणजे ६, ३ नंबर म्हणजे १० आणि ४ नंबर म्हणजे १३ मिलिमीटर केस उरतात. ‘साइडनं बारीक’ याऐवजी ‘साइडनं ३ नंबर, वर कात्रीनं’ असं सांगितलं की गोंधळ बराच कमी होतो. नंबर नक्की माहीत नसेल तर मोठ्यापासून सुरू करायला सांगा. चारनंतर तीन लावता येतो, तीननंतर चार लावता येत नाही.

चौथं, परत म्हणून घ्या. “दादा, तुम्ही नक्की काय करणार आहात ते एकदा सांगता का?” किंवा “ताई, किती कमी होतील ते दाखवा ना.” या एका वाक्यात निम्मे घोटाळे कात्री लागण्याआधीच उघडे पडतात. चांगल्या कारागिराला हा प्रश्न खटकत नाही.

पाचवं, दर आधी विचारा. कटमध्ये धुणं येतं का, केसांच्या लांबीनुसार जास्त पैसे लागतात का, कर वेगळा आहे का, हे कात्री लागण्याआधी कळायला हवं. “आज फक्त कट. दुसरं काही करायचं झालं तर आधी मला विचारा,” हे स्पष्ट म्हणून ठेवा.

रंग लावायचा असेल तर यात आणखी एक भर. पॅच टेस्टचा आग्रह धरा. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून साधारण ४८ तास वाट बघायची. बऱ्याच केसांच्या रंगांत पीपीडी नावाचं रसायन असतं आणि काही जणांना त्याची तीव्र ॲलर्जी होते. ‘आमच्याकडे कुणाला काही झालं नाही’ हे उत्तर टेस्टची जागा घेऊ शकत नाही.

आणि एक वाक्य टाळा, ‘तुम्हाला छान वाटेल तसं करा.’ विश्वासाचा कारागीर असेल तर गोष्ट वेगळी. अनोळखी सलूनमध्ये हे म्हणणं म्हणजे नंतर तक्रार करण्याचा हक्क आपणच सोडून देणं. लग्न, साखरपुडा, मुलाखत तोंडावर असताना नवीन कट किंवा नवीन सलून यांचा प्रयोग तर नकोच. तो दीड-दोन महिने आधी करून बघावा.

खुर्चीत बसल्यावर चुकतंय हे लक्षात आलं तर?

इथे बहुतेक जण गप्प बसतात, आणि त्याला कारण आहे. गळ्याभोवती कापड बांधलेलं, हात आत अडकलेले, चष्मा काढलेला, मानेजवळ कात्री. समोरचा माणूस कुशल आणि आपण अनाडी, अशी भावना असते. शिवाय ‘मध्येच बोललं तर चिडून आणखी बिघडवतील’ ही भीती. त्यामुळे आरशात केस जाताना दिसतात, पोटात गोळा येतो, तरी तोंडातून आवाज निघत नाही.

अशा वेळी एकच शब्द पुरेसा असतो, “थांबा.” कापडाखालून हात बाहेर काढा आणि म्हणा, “दादा, एक मिनिट थांबता का? मला जरा बघू द्या.” चष्मा लावा. मागची बाजू बघायला हातातला आरसा मागा. मग नेमकं सांगा, “मी खांद्याखाली ठेवा म्हटलं होतं, हे वर गेलंय. उरलेल्या बाजूला आता आणखी कापू नका.” आवाज चढवायची गरज नसते. आरोपापेक्षा सूचना लवकर ऐकली जाते. ‘तुम्ही वाट लावलीत’ म्हटलं की वाद होतो. ‘आता इथून पुढे काय करता येईल?’ म्हटलं की कारागीर उपाय सुचवायला लागतो.

चष्मा असलेल्यांनी तर सुरुवातीलाच सांगून ठेवावं, “मला चष्म्याशिवाय दिसत नाही. मध्ये दोनदा थांबून मला दाखवा.”

त्यानंतरही ऐकलं जात नसेल तर उठता येतं. अर्धवट कट घेऊन बाहेर पडणं अवघड वाटतं, पण सलूनमधल्याच दुसऱ्या, अनुभवी कारागिराला बोलवा असं सांगता येतं. मालक किंवा मॅनेजर असेल तर त्यांना बोलवा. उलटंही लक्षात ठेवा. रागाच्या भरात ‘आता सगळं सारखं करा’ म्हणू नका. सारखं करता करता केस आणखी आखूड होतात. थोडा कमी-जास्त झालेला कट पुढच्या आठवड्यात शांतपणे सुधारता येतो.

कट झाल्यावर ‘छान झालंय’ का म्हणू नये?

आरसा मागे धरून “कसं वाटतंय?” असं विचारलं की सवयीनं तोंडातून ‘छान’ निघतं. पैसे दिले जातात आणि रडू घरी येतं. मग रात्री अकरा वाजता फोन करून तक्रार केली, की समोरून उत्तर येतं, “ताई, तेव्हा तर तुम्ही छान म्हणालात.” त्यांचं तरी काय चुकलं?

म्हणून बिल देण्याआधी बोला. इथे एक फरक समजून घेणं फार महत्त्वाचं आहे. ‘मला आवडलं नाही’ ही एक गोष्ट. ‘मी सांगितलं तसं केलं नाही’ ही दुसरी. तुम्ही मागितलेला कट नीट केला, पण तो चेहऱ्याला शोभला नाही, तर त्यात सलूनची चूक नाही. कारागिरानं मेहनत केलीय, पैसे द्यायला हवेत. पण तुम्ही एक मागितलं आणि केलं दुसरंच, तर तुमची तक्रार रास्त आहे.

तक्रार रास्त असेल तर तीनपैकी एक मागा. त्याच सलूनमध्ये दुसऱ्या कारागिराकडून मोफत दुरुस्ती, बिलात सवलत किंवा पूर्ण पैसे परत. काय हवंय ते ठरवून मागितलं की बोलणं लांबत नाही. न विचारता केलेल्या स्पाचे किंवा ट्रीटमेंटचे पैसे द्यायला नकार देता येतो. कटचे पैसे वेगळे करून घ्या आणि बिल मागा. मागूनही बिल किंवा पावती न देणं ही ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.

काउंटरवर ‘एकदा घेतलेल्या सेवेचे पैसे परत मिळणार नाहीत’ अशी पाटी असते. ती पाटी लावल्यानं सेवेतली त्रुटी माफ होत नाही आणि ग्राहकाचा कायदेशीर हक्क संपत नाही.

गल्लीतल्या सलूनचं काय?

वडिलांचे केस कापणाऱ्या काकांनीच मुलाचंही जावळ काढलंय, अशा ठिकाणी मॅनेजर नसतो, बिल नसतं आणि कायद्याची भाषा तर शोभतही नाही. शंभर रुपयांच्या कटवरून आयोगात कुणी जात नाही, जाऊही नये. तिथे पुढच्या वेळी सुरुवातीलाच स्पष्ट सांगणं हाच उपाय. “काका, मागच्या वेळी वरचे फार बारीक झाले होते. या वेळी वर हात लावू नका, फक्त बाजूचे करा.” असं तीनदा सांगूनही चौथ्यांदा तेच झालं, तर दुसरीकडे जायला हरकत नाही. त्यासाठी भांडण करायची किंवा रस्ता बदलून जायची गरज नाही. भेटल्यावर नमस्कार चालूच राहतो. अनेकदा गिऱ्हाईक गप्पपणे तुटतं आणि कारागिराला कारण कधीच कळत नाही. त्याचं पोट त्या कामावर आहे, त्यामुळे खरं कारण नीट शब्दांत सांगणं हा त्याच्यावर उपकारच असतो.

कोर्टात गेलं तर काय होतं?

आता दिल्लीच्या त्या प्रकरणाकडे. तक्रार केल्यावर सलूननं तिला मोफत हेअर ट्रीटमेंट देऊ केली. ती घेताना टाळूची जळजळ झाली, इजा झाली, असं तिचं म्हणणं होतं. प्रकरण राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगात गेलं. सप्टेंबर २०२१ मध्ये आयोगानं सेवेत त्रुटी झाल्याचं मान्य केलं आणि दोन कोटी रुपये भरपाई द्यायला सांगितलं. सलूनशी झालेलं व्हॉट्सॲपवरचं बोलणं या निकालात महत्त्वाचं ठरलं. चूक झाल्याचं मान्य करून मोफत उपचार देऊ केल्याचं त्यातून दिसतं, असं आयोगानं म्हटलं.

हीच बातमी तेव्हा देशभर व्हायरल झाली. ‘चुकीच्या हेअरकटचे दोन कोटी’ असे मीम आले. पुढचा भाग मात्र तेवढा फिरला नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सेवेतल्या त्रुटीच्या निष्कर्षाला हात लावला नाही, पण दोन कोटींचा आकडा रद्द केला. नोकरी गेली, जाहिरातींची कामं गेली, उत्पन्न बुडालं, या सगळ्याला ठोस पुरावा लागतो आणि नुसत्या मागणीवर एवढी रक्कम ठरवता येत नाही, असा त्या आदेशाचा अर्थ. भरपाईचा मुद्दा फेरविचारासाठी आयोगाकडे परत पाठवला गेला. एप्रिल २०२३ मध्ये आयोगानं पुन्हा दोन कोटींचाच आदेश दिला आणि हॉटेल कंपनी पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेली.

सामान्य ग्राहकासाठी यात दोन धडे आहेत. चुकीचा हेअरकट ही ‘सेवेतली त्रुटी’ ठरू शकते, ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. आणि त्रुटी सिद्ध झाली, तरी भरपाई किती हे कागदांवर ठरतं. तुमचं नुकसान किती झालं हे तुम्हालाच दाखवावं लागतं.

तक्रार करायचीच असेल तर कशी?

आधी पुरावे गोळा करा. अपॉइंटमेंटचा मेसेज, दाखवलेला फोटो, बिल, पैसे भरल्याची नोंद, कटच्या आधीचा आणि लगेच नंतरचा फोटो. त्याच दिवशी सलूनला एक साधा मेसेज पाठवा, “आज अमुक वाजता तुमच्याकडे कट केला. मी खांद्याखालपर्यंत केस ठेवायला सांगितले होते, फोटोही दाखवला होता. प्रत्यक्षात हनुवटीपर्यंत कापले. दोन्ही फोटो पाठवत आहे. कृपया दुरुस्ती किंवा परतावा याबद्दल कळवा.” यात शिवी नको, धमकी नको. हा मेसेज उद्या तुमचा पहिला कागद असतो.

टाळू भाजणं, फोड, सूज किंवा केस तुटणं असं काही झालं असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. कोणतं उत्पादन वापरलं त्याचं नाव सलूनकडून लिहून घ्या. बाटलीचा फोटो मिळाला तर उत्तम. दुखापत झालेली असताना त्याच सलूनची ‘मोफत ट्रीटमेंट’ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

मेसेजला उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, पण सलूनपर्यंत तक्रार पोहोचवून तडजोड घडवायचा प्रयत्न करते. किरकोळ रकमांची बरीच भांडणं इथेच मिटू शकतात.

तिथेही मिटलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते. म्हणजे मुंबईत केस कापले आणि घर साताऱ्यात असेल, तरी साताऱ्यात तक्रार चालते. घटनेपासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि केस कापायला त्याहून जास्त पैसे कुणी देत नाही. वकील लावणं सक्तीचं नाही. ई-जागृती पोर्टलवरून तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते. प्रकरण मध्यस्थीनं मिटवायची सोयही कायद्यात आहे.

मात्र वेळेचा आणि मनस्तापाचा हिशोब आधी करावा. पाचशे रुपयांचा कट थोडा आखूड झाला असेल तर मोफत दुरुस्ती किंवा परतावा घेऊन विषय संपवणंच शहाणपणाचं. आठ-दहा हजारांच्या स्मूदनिंगनं केस तुटले, टाळूला इजा झाली, तर आयोगाची पायरी चढायला हरकत नाही.

सोशल मीडियावर पोस्ट टाकावी का?

वाईट अनुभव लिहिण्याचा ग्राहकाला हक्क आहे. पण आधी सलूनला उत्तर द्यायची संधी द्या, दोन-तीन दिवस थांबा. अनेक सलून पोस्टच्या आधीच तोडगा काढतात. नंतर लिहायचं असेल तर घडलं तेवढंच लिहा. काय सांगितलं, काय झालं, सलून काय म्हणालं, फोटो. ‘हे सगळे चोर आहेत’, ‘मुद्दाम केलं’ असे आरोप सिद्ध करता येत नाहीत आणि अंगाशी येऊ शकतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार अब्रुनुकसानी हा गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंतची साधी कैद, दंड किंवा समाजसेवेची शिक्षा होऊ शकते. खरं आणि लोकहितासाठी लिहिलेलं असेल तर बचाव मिळतो, पण तो पुराव्यावरच.

कर्मचाऱ्याचा चेहरा, नाव, मोबाइल नंबर पोस्टमध्ये टाकू नका. चूक त्याची असेलही, पण महिना पंधरा-वीस हजारांवर काम करणाऱ्या मुलाला हजारो लोकांच्या शिव्या खायला लावून तुमचे केस परत येत नाहीत. तक्रार सलूनविरुद्ध असते. आणि पैसे परत मिळाले, दुरुस्ती झाली, तर तेही त्याच पोस्टखाली लिहा. रिव्ह्यू वाचून सलून निवडणाऱ्या पुढच्या माणसाला ही माहिती तितकीच उपयोगी पडते.

तोपर्यंत बिघडलेल्या केसांचं काय?

दोन दिवस काहीच करू नका. नवा कट दोनदा धुतल्यावर वेगळा बसतो आणि पहिला धक्काही ओसरतो. तरीही खटकत असेल तर दुसऱ्या अनुभवी कारागिराला दाखवा आणि ‘लांबी न घालवता काय करता येईल?’ असं विचारा. भांग बदलणं, टोकं सारखी करणं, लेयर्स एकमेकांत मिसळवणं एवढ्यानं बरंच सावरतं. रंग बिघडला असेल तर घरी त्यावर दुसरा रंग लावू नका, ब्लीच तर नकोच. आणि नव्या खुर्चीत बसल्यावर पहिलं वाक्य तेच ठेवा, “किती कापायचे ते नंतर बोलू, आधी किती ठेवायचे ते बघा.”